एकाच गोधडीखाली

डॉ. रजनीकांत आरोळे यांच्या आठवणींचा लघुपट : निवेदन

(पडद्यावर: जामखेडचा रस्ता. दोन्ही बाजूंना बाभळी, मध्येच एखादं ज्वारीचं रान.)

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचं दक्षिण टोक. पलीकडे बीड सुरू होतं. पाऊस आला तर आला, नाहीतर बिऱ्हाड उचलायचं आणि कोयता घेऊन ऊसतोडीला निघायचं. असा हा जामखेड तालुका. १९७० साली इथे एक डॉक्टर जोडपं राहायला आलं. दवाखान्यासाठी त्यांना जागा मिळाली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याची. त्यांनी ती झाडली, पुसली आणि कामाला सुरुवात केली.

रजनीकांत आरोळे याच जिल्ह्यातल्या राहुरीचे. जन्म १९३४ चा, आईवडील शिक्षक. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांना मेबल भेटल्या. शेवटच्या परीक्षेत मेबल पहिल्या आल्या आणि रजनीकांत दुसरे. १९६० मध्ये दोघांचं लग्न झालं. शिकलेली विद्या खेड्यातल्या, ज्यांना कुणी विचारत नाही अशा माणसांसाठी वापरायची, अशी शपथ त्यांनी संसाराच्या पहिल्याच दिवशी घेतली. म्हणून ही गोष्ट एकट्या डॉक्टर आरोळ्यांची सांगताच येत नाही. यात डॉक्टर आरोळे दोन आहेत.

नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात दोघांनी काही वर्षं काम केलं. तिथे एक गोष्ट त्यांच्या मनाला लागली. बरं करून घरी पाठवलेलं मूल थोड्या दिवसांनी पुन्हा आईच्या कडेवर दारात हजर. तीच हगवण, तोच अशक्तपणा. औषध बरोबर होतं, पण घरचं पाणी तेच होतं आणि ताटातली भाकरीही तेवढीच होती. पुढे दोघं अमेरिकेला गेले, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथे राहिले असते तर सुखात राहिले असते. ते परत आले, आणि मुद्दाम जामखेडसारखा तालुका निवडला.

(पडद्यावर: गावाबाहेरचा हातपंप. दांड्याचा आवाज.)

आल्या आल्या दुष्काळानं गाठलं. बहात्तरचा दुष्काळ आमच्या आजीच्या पिढीनं जन्मभर उगाळला, तोच. आरोळ्यांनी आधी पोटाचं बघितलं. गावोगाव लहान मुलांसाठी एकत्र स्वयंपाक सुरू झाला. सगळ्या जातींची पोरं एका ओळीत जेवायला बसू लागली. गावातल्या तरुणांना गोळा करायचं तर डॉक्टर त्यांच्याबरोबर व्हॉलीबॉल खेळत. खेळ आटोपला की गप्पा, आणि गप्पांमधूनच शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली. पाण्यासाठी बोअर घ्यायचं ठरलं, तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह त्यांनी धरला. पाणी हवं तर वरच्या आळीनं घागर घेऊन खाली यायचं! यावर भाषण देण्याची गरजच पडली नाही.

तरी दवाखाना जामखेडात आणि आजार वाडीवस्तीवर, हा पेच होताच. शिकलेली नर्स एकटी खेड्यात राहायला तयार नसायची, राहिली तरी बायका तिच्याशी मोकळं बोलायच्या नाहीत. मग गावानंच आपल्यातली एक बाई निवडायची आणि तिला शिकवायचं, असं ठरलं. निवडून आलेल्या बहुतेकींनी पाटी-पेन्सिल हातात धरलेली नव्हती. कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी विधवा, कुणी शिवाशिव सोसून मान खाली घालून चालणारी.

या बायका दर आठवड्याला जामखेडला शिकायला येत आणि मुक्कामाला राहत. सुरुवातीला एकमेकींच्या पंगतीला बसेनात. तुझं ताट वेगळं, माझं वेगळं. पण महिन्यांमागून महिने एकत्र शिकता शिकता त्यांनी आपल्या गोधड्या एकमेकींना जोडून शिवल्या. एकच मोठी गोधडी झाली. रात्री सगळ्या जमिनीवर ओळीनं त्याच गोधडीखाली झोपायच्या, कुळकर्ण्यांची बाई आणि महारवाड्यातली बाई शेजारी शेजारी. मी या माणसाबद्दल जे काही वाचलं, ऐकलं, त्यात या गोधडीपाशी येऊन मी दर वेळी थांबते.

(पडद्यावर: गोधडीचे टाके, अगदी जवळून.)

डॉक्टर लोक सहसा आपली विद्या जपून ठेवतात. या दोघांनी ती मोकळ्या हातानं वाटली. नाडी कशी बघायची, गरोदर बाईचं पोट कसं तपासायचं, अंगावरचा बधिर चट्टा कुष्ठरोगाचा आहे हे कसं ओळखायचं, हगवण लागलेल्या लेकराचं पाणी तोडायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजत राहायचं. हे सगळं त्या बायकांनी आत्मसात केलं आणि गावात जाऊन इतरांना शिकवलं.

१९७१ मध्ये या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत होती. दोन-अडीच दशकांत तो आकडा तिसाच्या खाली आला.

१९७९ मध्ये पतिपत्नींना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये रजनीकांतांना पद्मभूषण. परदेशातले डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. १९८८ साली वॉशिंग्टनमधल्या आरोग्य परिषदेत, जामखेडला शिकून तयार झालेल्या त्या बायकांपैकीच एक, मुक्ताबाई पोळ बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातल्या झुंबराकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, हे सुंदर आहे, पण महाग आहे आणि उंच टांगलेलं आहे. मग त्यांनी एक साधी पणती लावली आणि तिच्यावर दुसरी पेटवली.

१९९९ मध्ये मेबल गेल्या. जवळजवळ चाळीस वर्षांचा संसार, एकाच ध्यासानं केलेला. त्यानंतर रजनीकांत बारा वर्षं काम करत राहिले. मुलगी शोभा आणि मुलगा रवी तोवर याच कामात उतरले होते. मे २०११ मध्ये रजनीकांतही गेले. आपलं घर आणि लोकांचं काम अशी दोन खाती त्यांनी कधी मांडलीच नाहीत, हे घरच्यांनी चालवलेल्या या कामाकडे बघून कळतं.

(पडद्यावर: पहाट. एक बाई पिशवी घेऊन पायवाटेनं निघालेली.)

त्यांची आठवण काढताना माझ्या डोळ्यांसमोर पुतळा येत नाही, पदकही येत नाही. येते ती जामखेडहून गावाकडे परत निघालेली बाई. हातातल्या पिशवीत बाळंतपणाचं पुडकं आहे: नवं ब्लेड, नाळ बांधायचा दोरा, स्वच्छ कापड. गोधडी तिनं घडी करून ठेवलीय, पुढच्या आठवड्यासाठी. गावात शिरताच एक पोर पळत येतं, आणि धापा टाकत सांगतं, मावशी, आईच्या पोटात कळा सुरू झाल्यात, चल लवकर.