अख्खी पेठ एकदम ओरडायची

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? येत नसेल तर हात वर करा... म्हणजे ज्याला येत नाहीये त्याला हे पण ऐकू आलं नसणार, जाऊ दे. आयुष्यभर लोकांचे स्पीकर दुरुस्त केले त्यामुळे माइक दिसला की आधी आवाज तपासायची सवय लागलीय.

अध्यक्षांनी आत्ता मला रेडिओ तज्ज्ञ वगैरे म्हणलं, तसं काही नाही हो, मी मेकॅनिक. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या मागच्या बोळात मामाचं दुकान होतं, दहा बाय आठचं, त्यात सत्तर साली मॅट्रिक झाल्यावर शिरलो आणि पुढची चाळीस वर्षं सोल्डरिंगचा धूर खाल्ला. विषय दिलाय ‘रेडिओ आणि खेळांच्या आठवणी’. आठवणी सांगतोच, पण माझ्या डोक्यात एक वेगळी गोष्ट आहे, ती जरा टेक्निकल आहे, मध्येमध्ये येईल. आणि हा टेबलावरचा सेट बघून ठेवा, त्याचं काम शेवटी आहे.

पुण्यात आकाशवाणी केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. ही तारीख मला पाठ आहे कारण मामा कायम हळहळायचा. आपल्या पूना क्लबच्या ग्राउंडवर डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केले, ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ रनवर राहिला आणि समोरच्या टीमने मॅचच सोडून दिली, आणि ही अख्खी इनिंग आमच्या मामाने ऐकली नाही कारण ऐकवायला पुण्यात रेडिओ स्टेशनच नव्हतं. म्हणजे घरापासून सायकलवर पंधरा मिनिटांच्या अंतरावर हे चाललेलं आणि ह्याला दुसऱ्या दिवशी पेपरमधून कळलं. तो म्हणायचा, पाच वर्षं आधी केंद्र काढलं असतं तर काय बिघडलं असतं! सरकारला बहुतेक निंबाळकरांचा अंदाज आला नसावा.

तर दुकान. मॅचच्या आधीचे दोन दिवस म्हणजे आमची दिवाळी. वर्षभर माळ्यावर पडलेला सेट टेस्ट मॅच आली की खाली यायचा. मर्फी, फिलिप्स, बुश, नेल्को, कोणी सायकलच्या कॅरियरला बांधून आणतंय, कोणी चादरीत गुंडाळून, एकदा तर एका बाईंनी कडेवर बाळ आणि डोक्यावर रेडिओ असा आणलेला. बिघाड काय, तर नव्वद टक्के वेळा व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये कचरा, फिरवला की खर्रर्र. नाहीतर ट्रान्झिस्टरमध्ये सेल तसेच राहिलेले, गळलेले, पट्ट्या हिरव्या पडलेल्या. आणि सेल संपत आले की लोक ते उन्हात ठेवायचे, आठवतंय ना? हसताय म्हणजे तुम्ही पण ठेवलेत! थोडा जीव यायचा त्यांच्यात, चहापानापर्यंत पुरायचे.

लोकांना वाटायचं रेडिओ एका विशिष्ट कोनात ठेवला की चांगला लागतो ही अंधश्रद्धा आहे. नाही हो. मीडियम वेव्हसाठी आत एक फेराइटची काळी कांडी असते, तीच एरियल. ती कांडी स्टेशनला आडवी असली की आवाज खणखणीत, आणि कांडीचं टोक स्टेशनकडे झालं की आवाज गेला. म्हणून आमच्या वाड्यात प्रत्येक घरातला ट्रान्झिस्टर एकाच दिशेला तोंड करून बसलेला असायचा, नमाजाला बसल्यासारखा, आणि कोणी पाहुण्याने तो उचलून कौतुकाने बघितला की घरातला कर्ता पुरुष ओरडायचा, अहो हलवू नका!

आणि आवाज. मराठीत क्रिकेटचं धावतं समालोचन रुजवलं त्यात आपल्या पुण्याचे बाळ ज. पंडित. स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेला माणूस, त्यामुळे बोलताना कुठे बॉल पडला, पाय कुठे गेला हे त्यांना आतून दिसायचं. आज आपण निर्धाव षटक, पायचीत, यष्टिरक्षक, फिरकी असे शब्द सहज टाकतो, पण हे शब्द लोकांच्या तोंडात बसले ते शाळेत नव्हे, कानातून बसले. आमची मामी जन्मात कधी ग्राउंडवर गेली नाही, बॅट हातात धरली असेल तर कपडे धुवायच्या धोपाटण्याची, पण मामा उशिरा घरी आला आणि थाप मारायला लागला की ती स्वयंपाकघरातून म्हणायची, पायचीत! अपील पण करायची नाही, डायरेक्ट निर्णय. मला वाटतं पंडितांना ह्याहून मोठी पावती नसेल.

आता १९७१ चं सांगतो, त्याच्यासाठीच आलोय मी. २४ ऑगस्ट. गणेश चतुर्थी. लंडनच्या ओव्हल ग्राउंडवर इंग्लंडविरुद्धच्या टेस्टचा शेवटचा दिवस. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ रनमध्ये सहा काढलेले, इंग्लंड १०१ मध्ये ऑलआउट, आपल्याला जिंकायला १७३ हवेत, आणि दोन बाद ७६ वर आदल्या दिवशीचा खेळ संपलेला. म्हणजे पुण्यात त्या सकाळी कोणाचं लक्ष प्रतिष्ठापनेत होतं असं मला तरी कोणी छातीवर हात ठेवून सांगावं.

दुकान अर्थात बंद. मी सोवळ्यात, मोदकाला नारळ खवतोय, आणि वाड्यातलेच एक मास्तर मर्फीचा सेट घेऊन दारात. डायलची दोरी तुटलेली, काटा हलेना. म्हणाले, बाळा, दुपारच्या आत कर. घरात तसली दोरी कुठून असणार, मग मखराचा नायलॉनचा दोरा काढला आणि पुलीवरून ओवला, तीन वेढे, स्प्रिंगला गाठ, झालं. घाईघाईत वेढे उलटे पडले. त्यामुळे नॉब उजवीकडे फिरवला की काटा डावीकडे जायला लागला. नंतर सरळ करून देतो म्हणलं, तर मास्तर नको म्हणाले, त्यांनी तो सेट पुढे बारा वर्षं तसाच वापरला आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे की हा ओव्हलचा काटा आहे.

दुपारी वाड्याच्या चौकात स्टुलावर तो सेट आणि भोवती आम्ही पन्नासेक जण. शॉर्टवेव्ह. ज्यांनी ऐकलंय त्यांना माहितीये, आवाज समुद्रासारखा, येतो, फुगतो, आणि नेमका बॉलर धावत यायला लागला की ओसरतो. मग तीन सेकंद नुसतं सूंऽऽ, आणि त्यातनं परत वर येताना जर लोकांचा ओरडा ऐकू आला तर तो चौकाराचा का विकेटचा हे ओळखायचं. इंग्रजी अर्ध्या लोकांना कळत नव्हतं, मास्तर भाषांतर करायचे, पण बायका आवाजाच्या पट्टीवरून मास्तरांच्या आधी ओळखायच्या. सुरुवातीलाच वाडेकर रनआउट, एकही रन न वाढवता. चौकात असं सुतक! वाडेकर म्हणे आत जाऊन झोपला, हे नंतर वाचलं, आम्हाला तिथे घाम फुटलेला आणि कॅप्टन झोपलेला. तिकडे ओव्हलवर चतुर्थी म्हणून आपल्या लोकांनी बेला नावाची हत्तीण आणली होती, तेही नंतरच कळलं. तेव्हा माहीत असतं तर मामीने अर्ध्या तासात नारळ फोडला असता.

संध्याकाळच्या आरतीची वेळ झाली. सहा विकेट गेलेल्या. आजोबा तबक घेऊन उभे, निरांजन लावलेलं, आणि कोणी जागचं हलेना, आणि गंमत म्हणजे आजोबा पण काही बोलेनात, वाती जळतायत आणि ते तबक धरून स्टुलाकडे बघतायत. आणि अबिद अलीने चौकार मारला. चार विकेटनी जिंकलो, इंग्लंडमध्ये पहिल्यांदा.

आता माझी टेक्निकल गोष्ट. आम्ही ओरडलो, ठीक आहे. पण त्याच क्षणाला, नंतर नाही, त्याच क्षणाला शेजारचा वाडा ओरडला, समोरचा ओरडला, पार मंडईकडून आवाज आला, कोणीतरी फटाक्यांची माळ लावली, आणि कुणी कुणाला सांगायला लागलं नाही. का? कारण रेडिओची लहर उजेडाच्या वेगाने येते. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरा, तर तिला अर्धा मिलिसेकंद लागतो. लंडनहून आली तरी डोळ्याची पापणी लवायच्या आत. आणि सेट कुठलाही असू दे, शेटजींचा आठ व्हॉल्वचा असू दे नाहीतर हमालाचा दोन सेलचा, सगळ्यांना एकाच वेळी. एखाद्याच्या सेटमध्ये खरखर जास्त असेल, पण उशीर कुणालाच नाही. हे मला तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं बरं का, पाणी ओलं असतं तसंच ते.

मधलं भराभर सांगतो. १९७५, क्वालालंपूरची हॉकी वर्ल्डकप फायनल, जसदेव सिंगांची हिंदी कॉमेंट्री, ते बोलायला लागले की बॉलच्या पुढे जीभ पळायची. आपण पाकिस्तानला २-१ हरवलं. अशोककुमारचा तो दुसरा गोल, पाकिस्तानवाले म्हणत होते गोल नाहीच, आणि रिप्ले तर काही नाही, आमच्यासाठी जसदेव सिंग गोल म्हणाले म्हणजे गोल. विषय संपला.

१९९६ चं मात्र थांबून सांगायला पाहिजे. २९ फेब्रुवारी, आपलं नेहरू स्टेडियम, वर्ल्डकपची मॅच, वेस्ट इंडिज आणि केनिया. आम्ही लारा बघायला गेलेलो, केनिया कोण हे कुणाला ठाऊक! केनिया १६६ ला ऑलआउट झाल्यावर शेजारचा म्हणाला, पैसे फुकट गेले, आता वीस ओव्हरमध्ये संपवतील. मी सवयीने खिशातला ट्रान्झिस्टर कानाला लावलेला, मॅच समोर चालू असताना. लोक हसत होते आधी. मग विकेट पडायला लागल्या आणि त्या केनियाच्या बॉलरांची नावं कुणालाच माहीत नाहीत, लांबून चेहरे कळत नाहीत, तर अख्खी रांग मला ढोसायला लागली, काका कोण टाकतोय, काका कुणी पकडला. लारा आठवर गेला, रजब अलीला, कीपरकडे कॅच. मी ऐकून सांगतोय आणि मागचे तीन रांगा पुढे पाठवतायत. वेस्ट इंडिज ९३! त्र्याहत्तर रननी हरले. त्या दिवशी मी एक प्रकारे रिले केंद्र झालो होतो, पुणे ‘ब’.

आता प्रोफेशनल टीमचा, आयपीएलचा जमाना. आपल्या पुण्याच्या नावाच्या टीम आल्या, गेल्या. वॉरियर्स तीन सीझन राहिले. मग सुपरजायंट्स आले, दोनच वर्षांसाठी, आणि दुसऱ्या वर्षी नावातला शेवटचा ‘स’ काढून टाकला. काटकसर, बाकी काही असो, एवढं मात्र अस्सल पुणेरी केलं त्यांनी. मी टीका करत नाहीये, मी बघायचो, नातवाबरोबर आवर्जून बघायचो. त्या २०१७ च्या फायनलला, २१ मे, हैदराबादला, मुंबईचे १२९ आणि आपल्याला शेवटच्या बॉलला चार हवेत. घरात मी टीव्हीसमोर, जॉन्सन अजून वळून रनअपला चाललाय, आणि खालच्या मजल्यावरून ‘अरेरेरे’.

कळलं. संपलं. माझ्या टीव्हीवर अजून बॉल टाकलेला नाही आणि मला माहितीये आपण हरलो. मग समोरच्या बिल्डिंगमधून अरेरे. मग माझ्या टीव्हीवर झालं, एका रनने हरलो, तेव्हा मी काय ओरडणार, मी आधीच हरून बसलेलो. आणि आतल्या खोलीत नातू मोबाइलवर बघत होता, तो मध्येच उठून गेलेला चार्जर लावायला, तो आतून म्हणतो, आजोबा काही सांगू नका, माझ्याकडे दोन बॉल बाकी आहेत! एका सोसायटीत एक मॅच चार वेळा हरलो आम्ही. कुणाची केबल, कुणाची डिश, कुणाचं इंटरनेट, प्रत्येकाचं चित्र आकड्यांत दाबून, साठवून, परत उलगडून दाखवायचं म्हणजे प्रत्येकाला वेगळा उशीर. ते का होतं ते मला चांगलं कळतं, त्यात कुणाची चूक नाही. पण त्या रात्री आम्ही चार वेगवेगळ्या पडद्यांसमोर एकेकटे वाईट वाटून घेत होतो, आणि खालच्या मजल्यावरच्यांचं तर वाईट वाटून, भांडी घासून पण झालेली.

बरं, वेळ झालीये, सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. हा सेट मास्तरांचा. त्यांच्या मुलीने परवा आणून दिला, माळा साफ करताना निघाला म्हणून. दोरी अजून तीच आहे, मखराची, काटा अजून उलटाच फिरतो. व्हॉल्व गरम व्हायला एक मिनिट लागतं, लावून ठेवलाय मघाशीच. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे ह्या डायलवर... उलटं... इथे कुठेतरी. खरखर ऐकू येतीये ना? ती सेटची नाही, ती ह्या छतावरच्या एलईडी दिव्यांची आहे, त्यांच्या आतलं सर्किट मीडियम वेव्हवर कचरा टाकतं. जरा ते दिवे बंद करा कुणीतरी. मागचे पण. आणि मोबाइलचे चार्जर काढा भिंतीतले. हां. ती मागची एरियलची वायर जरा खिडकीबाहेर टाका, दोघं जण धरा. अजून थोडी वर. थांबा, बोलू नका, काहीतरी येतंय.