शीट, शीड आणि हातातली दोरी

श्रोतेहो, नमस्कार.

शिडाच्या होडीत मी पहिल्यांदा बसले आणि अर्ध्या तासात पाण्यात पडले. पोहता येत होतं, अंगात लाइफ जॅकेट होतं, त्यामुळे जिवाला काही झालं नाही. पण पडायचं कारण ऐकाल तर हसाल. मी एका अक्षरामुळे पडले.

दोघांपुरतीच लहान होडी. शिकवणारे सुकाणू धरून बसलेले, माझ्या हातात मोठ्या शिडाची दोरी. सगळं छान चाललेलं असताना वाऱ्याचा झोत आला, होडी एका अंगावर कलली आणि ते ओरडले, "शीट सोडा! शीट!" मला ऐकू आलं 'शीड'. मी मान वर करून शिडाकडे बघत बसले. डोलकाठीला वरपासून खालपर्यंत जोडलेलं एवढं मोठं कापड, ते सोडायचं कसं? आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं, हातातली दोरी आणखी घट्ट धरली. पुढच्या क्षणी शीड पाण्यावर आडवं, आणि आम्ही दोघं पाण्यात.

तर शीट म्हणजे शीड नव्हे. शीट म्हणजे शीड आत ओढायची आणि बाहेर सोडायची दोरी. ती सैल केली की शीड बाहेर जातं, त्यातला वारा निसटतो आणि कललेली होडी सरळ होते. झोत आला की करायचं ते एवढंच. बरं, इंग्रजी ज्यांची मातृभाषा तेही इथे फसतात, कारण शीट म्हटल्यावर त्यांच्याही डोळ्यांपुढे कापडच येतं. जुन्या इंग्रजीत शिडाच्या कोपऱ्याला याच्या जवळचा एक शब्द होता. त्या कोपऱ्याला बांधलेल्या दोरीला त्यावरून नाव पडलं. पुढे कोपरा विसरला गेला, नाव दोरीकडे राहिलं. आपल्या मराठीत मात्र शीड आणि शीट यांच्यात फक्त ड आणि ट, आणि वाऱ्यात तेवढा फरक ऐकू येत नाही.

त्या दिवशी कपडे वाळवत असताना मला एक यादी मिळाली. साठ-सत्तर शब्द, समोर अर्थ. मी ते परीक्षेसारखे पाठ केले. हॅलयार्ड म्हणजे शीड वर चढवायची दोरी. पेंटर म्हणजे लहान होडी बांधून ठेवायला नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, असते ती दोरी. हो, पेंटरच, रंगाशी संबंध नाही. घरात खुर्चीवर बसून सगळं घडाघडा म्हणता यायचं. होडीत पाय ठेवला की पाटी कोरी.

काही जाणती मंडळी नवख्याला ऐकवतात, "होडीवर दोरी नसतेच!" म्हणजे प्रत्येक दोरीला तिचं वेगळं नाव असतं, तेच घ्यायचं. मला तेव्हा हा निव्वळ तोरा वाटायचा. थोडा तोरा असतोही. पण विचार करा, पळी, डाव, झारा, उलथनं या सगळ्यांना 'चमचा' म्हणणारा माणूस मदतीला आला तर काम होईल का? नाव वस्तूच्या दिसण्यावरून नाही, तिच्या कामावरून पडलेलं असतं. होडीवर पाच-सहा दोऱ्या शेजारी शेजारी येतात, दिसायला सारख्या. "ती दोरी ओढ" म्हणून चुकीची ओढली गेली तर शीड चढायच्या ऐवजी खाली येईल.

डाव्या-उजव्याचंही तेच. होडीच्या डाव्या बाजूला पोर्ट आणि उजव्या बाजूला स्टारबोर्ड कशाला म्हणायचं, हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. वल्हवणारा माणूस आठवा. तो होडीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतो. त्याचा डावा हात होडीच्या उजव्या अंगाला. त्याला "डावीकडे बघ" म्हटलं तर कुणाच्या डावीकडे? पोर्ट आणि स्टारबोर्ड या होडीच्या बाजू आहेत, माणसाच्या नाहीत. आपण कुठेही तोंड केलं तरी त्या हलत नाहीत. स्टारबोर्ड म्हणजे मुळात सुकाणूची बाजू, कारण पूर्वी सुकाणूचं वल्हं उजव्या अंगाला लावत. डाव्या बाजूला आधी लारबोर्ड म्हणत. वादळात लारबोर्ड आणि स्टारबोर्ड ओरडून बघा, माझ्या शीट-शीडसारखीच गत. ब्रिटिश नौदलाने १८४४ साली लारबोर्ड काढून टाकला आणि पोर्ट कायम केला. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. माझी चूक एका अख्ख्या नौदलाने मान्य केली होती म्हणायची.

आता सुकाणू. लहान होडीत चाक नसतं, सुकाणूला जोडलेला एक दांडा असतो, टिलर. तो उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते. हात एकीकडे, होडी दुसरीकडे. मोठ्या जहाजांवर चाकं आली तरी हुकूम कित्येक वर्षं टिलरच्या हिशेबानेच दिले जात. १९१२ साली टायटॅनिकवर हिमनग दिसला तेव्हा हुकूम सुटला तो 'हार्ड अ स्टारबोर्ड', म्हणजे शब्दाने उजवीकडे. आणि जहाज वळलं डावीकडे. त्यात चूक नव्हती, त्या काळची रीतच ती होती. ब्रिटिश जहाजांवर ही पद्धत १९३३ साली बदलली. टिलर धरताना माझी दिशा आजही कधीकधी चुकते, पण त्याचं मी आता फार वाईट वाटून घेत नाही.

सगळ्यात जास्त घोळ वाऱ्याच्या शब्दांचा. विंडवर्ड म्हणजे जिकडून वारा येतो ती बाजू, लीवर्ड म्हणजे तिच्या उलट. पोर्ट-स्टारबोर्ड निदान जागेवर तरी राहतात. या बाजू होडी वळली की बदलतात. आणि यांच्यावाचून सुटका नाही. टकरी टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले, त्यांत दोन शिडाच्या नौका समोरासमोर आल्या तर वाट कुणी द्यायची हे वाऱ्यावरून ठरतं. वारा पोर्टच्या अंगाने घेणारीने द्यायची. दोघींचा वारा एकाच अंगाचा असेल तर विंडवर्डला असलेलीने द्यायची.

रेडिओवर बोलतेय म्हणून उच्चारांचंही सांगते. हा लीवर्ड जुन्या खलाशांच्या तोंडी 'लूअर्ड' होतो. जहाजावरचा खलाशांचा मुकादम लिहायचा बोट्सवेन, म्हणायचा 'बोसन'. होडीचा वरचा काठ लिहायचा गनवेल, म्हणायचा 'गनल'. पुस्तकातून शिकलेला माणूस पहिल्याच वाक्यात ओळखू येतो.

यात एक गोष्ट मला सुखावून गेली. नवखे शिकतात त्या लहान होडीला 'डिंगी' म्हणतात, आणि तो शब्द आपल्याच उपखंडातून इंग्रजीत गेला. आपली डोंगी त्याच्या नात्यातली. दोन सांगाड्यांची कॅटमरान मूळची तमिळ, 'कट्टुमरम', म्हणजे बांधलेली लाकडं. शब्दांच्या या बाजारात आपण अगदीच परके नाही.

यादी मी शेवटी फेकून दिली. दोरी हातात घेतली की तिचं नाव मोठ्याने म्हणायचं, ओढताना, सोडताना, गाठ मारताना. लोक हसायचे. महिनाभरात शब्द बोटांत उतरले. दोन शब्द मात्र होडीत बसायच्या आधीच पक्के हवेत. एक बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा. दुसरा जाइब, म्हणजे होडीची मागची बाजू वाऱ्यातून फिरवून वळणं. त्यात बूम एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला सपकन जातो, बरोबर डोक्याच्या उंचीवरून. तिथे अर्थ आठवत बसायला वेळ नसतो, आधी वाकायचं.

मागच्या महिन्यात एक नवा मुलगा माझ्या होडीत होता. या वेळी सुकाणू माझ्याकडे, दोरी त्याच्याकडे. झोत आला, होडी कलली, मी ओरडले, "शीट सोड!"

त्याने मान वर करून शिडाकडे पाहिलं.

"दोरी!" मी किंचाळले. "हातातली दोरी सोड!"