सान हुआनचे सोले

(दृश्य: लाकडी खलबत्ता, अगदी जवळून. सुरुवातीला फक्त कुटण्याचा आवाज.)

हा आवाज कुठल्याही मराठी घरातला वाटेल. पण खलबत्त्यात शेंगदाणे नाहीत. कच्च्या केळ्यांचे तळलेले तुकडे आहेत. आपली राजेळी असतात ना, तशी जाड सालीची केळी. वरून लसूण, तेल, मीठ. बाई सहा-सात घाव घालते, खलबत्ता ताटलीवर पालथा करून बुडावर एक थाप देते आणि घुमटासारखा गोळा बाहेर पडतो. याचं नाव मोफोंगो. खलबत्ता म्हणजे पिलोन. आणि गाव आहे सान हुआन, पोर्तो रिकोची राजधानी.

मायामीहून निघालेलं आमचं जहाज इथे एकच दिवस थांबणार होतं. जहाजावर मी, बायको आणि अमरावतीहून आलेली माझी आई. आई अडुसष्ट वर्षांची, शाकाहारी, गुडघे कुरकुरणारे. कॅरिबियन बेटावर चालत चालत खायला जायचं, ही कल्पना माझी. त्यामुळे चुकलं तर शिव्याही मलाच.

(दृश्य: धक्का. तीन मोठी जहाजं शेजारी शेजारी, मागे जुनं गाव.)

असे चालत खाण्याचे फेरफटके आता प्रत्येक बंदरात मिळतात. स्थानिक वाटाड्या, दहा-बारा माणसं, तीनेक तास, पाच-सहा ठिकाणी घास घास खाणं. जाहिरातींतले फोटो सगळ्यांचे सारखेच चविष्ट. मी तीन आठवडे रोज रात्री ते बघत होतो आणि शेवटी लक्षात आलं, की खाण्याआधी घड्याळ बघायला हवं.

जानेवारीत पोर्तो रिकोचं घड्याळ मायामीच्या एक तास पुढे असतं. तिथे घड्याळं उन्हाळ्या-हिवाळ्याला मागेपुढे करत नाहीत, फ्लोरिडात करतात. त्यामुळे उन्हाळ्यात दोन्हीकडची वेळ एक आणि हिवाळ्यात तासाचा फरक. आमच्या जहाजाने मायामीचीच वेळ चालू ठेवली होती. जहाज लागणार सकाळी दहाला, म्हणजे गावात अकरा वाजलेले. मी अगदी खुशीत पावणेअकराचा फेरफटका नोंदवायला निघालो होतो. पैसे भरायच्या पानापर्यंत पोचलो होतो. बायको म्हणाली, "ही वेळ कुणाची? जहाजाची की गावाची?" आमच्या संसारातले बरेच पैसे या एका प्रकारच्या प्रश्नामुळे वाचलेले आहेत.

मग साडेबाराचा घेतला. तीन तास धरले तर साडेतीनला मोकळे. जहाज सुटणार गावच्या सातला, पण दार बंद होणार साडेसहाला. हा अर्धा तास नीट वाचून ठेवा. जहाज कंपनीकडूनच सहल घेतली आणि ती रेंगाळली, तर जहाज सहसा थांबतं, किंवा पुढची जबाबदारी कंपनी घेते. बाहेरून परस्पर घेतली असेल तर जहाज कुणासाठी थांबत नाही. धक्क्यावर पिशव्या घेऊन पळणारी माणसं आणि वरच्या मजल्यावरून त्यांना टाळ्या वाजवून पळवणारे प्रवासी, हा तमाशा बंदराबंदरात चालतो. आपण टाळ्या वाजवणाऱ्यांत असावं.

मग जहाजाचीच सहल का नाही घेतली? आधीच्या एका बेटावर घेतली होती. चाळीस माणसं, एका बाईच्या हातात उंच धरलेली पाटी, आणि तिसऱ्या रांगेच्या मागे एक शब्द ऐकू येत नव्हता. खायला मिळाले ते तुकडे आधीच कापून, टूथपिक टोचून ठेवलेले. शाकाहारी म्हणून आईला अननस. पुढच्या दुकानात पुन्हा अननस. सान हुआनमध्ये जहाजाची सुरक्षितता सोडायला मी तयार झालो, कारण इथे जुनं गाव धक्क्याला लागूनच आहे. या टोकाच्या किल्ल्यापासून त्या टोकाच्या किल्ल्यापर्यंत साधारण दीड किलोमीटर. वाट चुकली तरी उतार धरला की जहाज दिसतं.

पण एक तपासून घ्या. सान हुआनला धक्के दोन जागी आहेत. जुन्या गावासमोरचे, आणि खाडीपलीकडचा पॅन अमेरिकन. तुमचं जहाज पलीकडे लागलं तर गाव समोर दिसतं, पण जायला टॅक्सी लागते. आणि भारतीय पासपोर्टवाल्यांनी हेही लक्षात ठेवावं, की १८९८ पासून हे बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे. बहामाज किंवा आणखी कुठलं बेट करून इथे उतरणं म्हणजे पुन्हा अमेरिकेत शिरणं. एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवा.

(दृश्य: पावसाने ओल्या निळसर फरशा. आईच्या चपला आणि काठी.)

हे निळे दगड खरं तर दगड नाहीत. लोखंडाच्या भट्टीतल्या मळीपासून ओतलेल्या विटा आहेत. कोरड्या असताना राखाडी दिसतात, ओल्या झाल्या की निळ्या. आणि निसरड्या. धक्क्याकडून वर चढ आहे, जाहिरातीत मात्र 'सोपं चालणं' लिहिलेलं होतं. मी ईमेलने विचारलं, बसायला किती ठिकाणी मिळेल? ज्यांनी नेमका आकडा दिला, "सहापैकी चार ठिकाणी", त्यांच्याकडे गेलो. बाकीच्यांनी "काळजी करू नका" लिहिलं होतं. असं लिहिणाऱ्याची मला पहिल्यांदा काळजी वाटते. हवामानामुळे जहाज बंदरात शिरलंच नाही तर पैसे परत मिळतील का, हे त्याच ईमेलमध्ये विचारून टाकलं.

आणखी एक चाळणी लावली. ज्या फेरफटक्याची सुरुवात पिन्या कोलादाने आणि शेवटही पिन्या कोलादाने, तो बाद. पेय वाईट नाही. नारळाचं घट्ट दूध, अननस आणि रम एकत्र आल्यावर वाईट काय होणार? पण त्याच्या जन्मावरून इथे जुनं भांडण आहे. कारीबे हिल्टन हॉटेल म्हणतं, आमच्या रामोन मारेरोने १९५४ मध्ये बनवलं. फोर्तालेसा रस्त्यावरचं बाराचीना नावाचं उपाहारगृह म्हणतं, आमच्या रामोन पोर्तासने १९६३ मध्ये, आणि तशी संगमरवरी पाटीही भिंतीवर आहे. गंमत म्हणजे ज्याच्यामुळे हे पेय शक्य झालं, तो डब्यातलं गोड नारळाचं दूध बनवणारा प्राध्यापकही रामोनच, रामोन लोपेस इरिसारी. खवणीवर नारळ खवून, पिळून दूध काढणाऱ्या आपल्या आज्यांनी असा दावा ठोकला असता, तर पाट्या लावायला भिंती पुरल्या नसत्या.

(दृश्य: कॉफी. कापडी गाळणीतून धार.)

पहिला थांबा कॉफीचा. कापडाची पिशवी, तिला तारेचं कडं, अगदी जुन्या इराण्याकडची वाटावी अशी. एकोणिसाव्या शतकात इथली डोंगरातली कॉफी युरोपात मानाने प्यायली जायची. १८९९ च्या ऑगस्टमधल्या चक्रीवादळाने बागा झोपवल्या. पुन्हा लावल्या. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ आलं आणि बहुतेक झाडं पुन्हा गेली. कॉफीचं रोप लावलं की फळ धरायला तीन-चार वर्षं जातात. त्यामुळे वाटाड्याने कप पुढे करताना आधी डोंगरातल्या गावाचं नाव सांगितलं, ते मला आवडलं. या बेटावर खाल्लं जाणारं बहुतेक अन्न बाहेरून जहाजाने येतं. अशा ठिकाणी 'हे कुठून आलं' एवढं ज्याला सांगता येत नाही, त्याच्या मागून तीन तास कशाला चालायचं?

दुसरा थांबा चॉकलेटचा. गरम चॉकलेटच्या कपात चीजचा तुकडा टाकतात, तो मऊ झाला की चमच्याने खातात. आईने कप खाली ठेवला तो ठेवलाच. पुढे चला.

तिसऱ्या ठिकाणी मी एकट्याने खाल्लं. बाकालाईतो, म्हणजे खारवलेल्या कॉड माशाचं भजं, हातभर पसरट, कडांना जाळीदार. आता विचार करा, बेट उष्ण, चहूकडे समुद्र, आणि घराघरात खाल्ला जाणारा मासा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला. कारण साखरेचे मळे. खारवलेला कॉड स्वस्त होता, उन्हात टिकायचा, म्हणून मळ्यावरच्या गुलामांना तो घालत. १८७३ मध्ये इथली गुलामगिरी संपली. मासा राहिला. पावसाळ्यात सुकटावर भागवणाऱ्या कोकणातल्या माणसाला ही चव समजावून सांगावी लागणार नाही.

मग तो मोफोंगो. मूळ पदार्थात डुकराच्या तळलेल्या कातडीचा चुरा असतो. आईचा त्याशिवाय केला, कारण पिलोनमध्ये एकेकासाठी वेगळं कुटतात. शाकाहारी माणसाने एवढं पक्कं धरावं: समोर कुटलेलं, तळलेलं बदलून मिळतं, मोठ्या पातेल्यात शिजून बसलेलं मिळत नाही. आणि "मांस नको" एवढं म्हणून भागत नाही. पुष्कळांच्या लेखी मांस म्हणजे बीफ, हॅम त्यात मोजत नाहीत. हामोन म्हणजे हॅम नको, पोयो म्हणजे कोंबडी नको, मासा नको, असं एकेक नाव घ्यावं लागतं.

(दृश्य: छोटी खाणावळ. चार टेबलं. काउंटरमागे मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं.)

अशा खाणावळीला इथे फोंदा म्हणतात. दुपारची गर्दी ओसरत होती. वाटाड्या म्हणाला, आमच्या नाताळाच्या जेवणात हा भात नसेल तर नाताळ झालाच नाही म्हणायचं. आरोस कोन गांदूलेस. शेंद्रीच्या बियांनी पिवळाकेशरी झालेला भात, त्याला कांदा, लसूण, गोडी मिरची आणि कोथिंबिरीच्या वासाच्या लांब पानांचं वाटण. मध्ये मध्ये हिरवट दाणे.

वाटाड्याने आधीच सांगून ठेवलं होतं, यात हॅम आहे, आईंनी खाऊ नये. आईने नुसतं वाकून बघितलं. चष्मा वर केला. एक दाणा चमच्याने बाजूला ओढला, दोन बोटांत दाबला.

"हे त सोले होय ना रे!"

(शांतता. फक्त भांड्यांचा आवाज.)

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, सोले म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगांतले दाणे. संक्रांतीच्या आगेमागे आमच्याकडे दारोदारी शेंगा सोलत बसलेल्या बायका दिसतात. सोलेभात, सोले-वांगं, सोल्यांची आमटी, महिनाभर दुसरं काही नाही. इथेही दाणे याच दिवसांत हिरवे येतात, म्हणून नाताळाचा भात. आणि तूर मूळची आपलीच. हजारो वर्षांपूर्वी ती भारतात पहिल्यांदा पिकवली गेली, समुद्रापलीकडे आफ्रिकेत गेली, आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर या बेटांवर पोचली. हैतीत तिला काँगोचा वाटाणा म्हणतात. ज्यांनी ती इथे रुजवली, ते लोक आमच्यासारखे तिकीट काढून आले नव्हते.

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. वाटाड्या आत जाऊन काहीतरी बोलला. भात बनवणारी बाई बाहेर आली, हात पुसत, आईच्याच वयाची. तिच्या हातात वाटी होती. भातात पडायच्या आधीचे, नुसते मिठाच्या पाण्यात उकडलेले दाणे. आईने वाटी घेतली आणि ती शेवटपर्यंत कुणाला दिली नाही.

माझ्या ताटलीत तिने पातेल्याच्या तळाची खरवड घातली. तिला पेगाओ म्हणतात आणि ती मागून घ्यावी लागते. बायकोने अर्धी उचलली.

आई खाता खाता वाटाड्याला म्हणाली, "यायले म्हणा, वांग्यात टाकून पाहा. लहान वांगे. तेल हात सोडून, आन् लसणाची फोडणी."

मी इंग्रजीत सांगितलं, त्याने स्पॅनिशमध्ये. बाईने ऐकून घेतलं, मान हलवली आणि एक प्रश्न विचारला. तो उलट्या वाटेने आमच्यापर्यंत आला.

वांगी आधी तळायची की कच्चीच टाकायची?

घड्याळात सव्वातीन झाले होते. आईने खुर्ची पुढे ओढली.