पिवळ्या कागदावरचं वॉरंट

(दृश्य: पिवळ्या कागदाची पट्टी. लाल शाईत बुडवलेला ब्रश.)

पिवळा कागद, हिंगुळाची लाल शाई, आणि वरून खाली न थांबता उतरणारा ब्रश. हा भुतं हाकलण्याचा तोडगा, चीनच्या ताओ धर्मातल्या पुरोहिताचा. यावर सगळ्यात वर जे शब्द लिहितात, त्यांचा अर्थ होतो 'हुकूम'. आणि मंत्र संपतो तो असा: कायद्याच्या आज्ञेप्रमाणे, ताबडतोब! ही भाषा देवळातली नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चीनमध्ये, हान राजवटीत, सरकारी खलित्यांचा शेवट याच शब्दांनी होत असे.

आपल्याकडे कोकणात गाऱ्हाणं घालतात, म्हणजे विनंती करतात. ताओ पुरोहित विनंती करत नाही, हुकूम बजावतो. त्याच्या हातातली ती पट्टी म्हणजे भुताच्या नावाने निघालेलं वॉरंट असतं.

एवढं ध्यानात ठेवून 'मॅजिक कॉप' बघा. हाँगकाँगचा, कँटोनीज भाषेतला, १९९० सालचा सिनेमा. मूळ चिनी नावाचा अर्थ सरळ आहे: पिशाच्चं हाकलणारा पोलीस.

(दृश्य: रात्रीचं हाँगकाँग, निऑनच्या पाट्या.)

गोष्ट सुरू होते ती अमली पदार्थांच्या एका साध्या गुन्ह्याने. पोलिसांनी गाठलेली एक बाई मरते. शवविच्छेदनात मात्र निघतं की पोलिसांशी गाठ पडली, त्याच्या कितीतरी आधीच ती मेलेली होती. कुणीतरी प्रेतांना चालवतंय आणि त्यांच्याकरवी माल हलवतंय. प्रेताला भीती वाटत नाही आणि ते जबाबही देत नाही. तस्कराला याहून चांगला हमाल कुठे मिळणार?

तपासासाठी येतात गावाकडचे एक वयस्क पोलीस, फुंग काका. ते राहतात तुंग पिंग चाऊ बेटावर.

(दृश्य: समुद्र, थरांचे काळपट खडक, ओस पडलेली दगडी घरं.)

हे बेट खरंच आहे. हाँगकाँगच्या ईशान्य टोकाला, चीनच्या किनाऱ्याच्या अगदी जवळ, चंद्रकोरीसारखं वळलेलं. क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरहून जरासंच जास्त. वह्यांची चळत रचून ठेवावी तसे इथले खडक दिसतात. सिनेमा आला तोवर बेटावरची बहुतेक माणसं गाव सोडून शहराकडे गेली होती. गाव रिकामं झालं, की गावचं ज्ञानही जातं. काका त्या बेटावरून येतात, यात मला फार मोठी गोष्ट दिसते. काचेच्या इमारतींच्या शहराला ज्या विद्येची गरज पडते, ती शिल्लक आहे मागे सोडून दिलेल्या वाडीत.

शहरात काकांबरोबर दोन तरुण पोलीस दिले जातात. एक त्यांचं ऐकायला तयार असतो. दुसऱ्याला हे सगळं खुळचट वाटतं. विनोद घडतो तो या तिघांत. पण काका स्वतः एकदाही हसवायला जात नाहीत. बोटांचे ठसे घ्यावेत तितक्या शांतपणे ते मंत्र लिहितात. त्यांच्यासाठी दोन्ही एकाच नोकरीतली कामं आहेत. मला वाटतं, हा सिनेमा टिकला तो या गंभीर चेहऱ्यामुळे.

(दृश्य: लाम चिंग-यिंग, जवळून.)

हा चेहरा लाम चिंग-यिंग यांचा. जन्म १९५२. लहानपणीच ते चिनी ऑपेराच्या शाळेत दाखल झाले. अंगकाठी सडपातळ, त्यामुळे तिथे स्त्रीभूमिका त्यांच्या वाट्याला आल्या. आपल्या संगीत रंगभूमीची आठवण ठेवणाऱ्यांना ही तालीम काय असते ते वेगळं सांगायला नको. मनगट किती वळवायचं, नजर कुठे थांबवायची, सगळं मोजून. पुढे ते स्टंटमन झाले, ब्रूस ली यांच्या पथकात, मग नट-दिग्दर्शक सामो हुंग यांच्या. १९८५ च्या 'मिस्टर व्हॅम्पायर'मध्ये जोडभुवयांचे पुरोहित झाले, आणि आशियाभर लोक त्यांना ओळखू लागले. तेव्हा त्यांचं वय ३२. फुंग काका झाले तेव्हा ३७. म्हातारपण त्यांनी मेकअपपेक्षा चालण्यातून आणलं.

दिग्दर्शक तुंग वाई हेही ऑपेरातच घडलेले. 'एंटर द ड्रॅगन'मध्ये ब्रूस ली ज्याच्या डोक्यावर टपली मारून विचार करू नकोस, जाणवू दे म्हणतात, तो पोरगा म्हणजे हेच. त्याच सिनेमाच्या स्टंट पथकात लाम होते. १७ वर्षांनी दोघांनी मिळून हा सिनेमा केला. समोर खलनायिका उभी केली मिचिको निशिवाकी यांना, जपानच्या शरीरसौष्ठव विजेत्या. त्या पडद्यावर आल्या की काकांची काळजी वाटू लागते, आणि ती वाटायलाच हवी.

पोलीस आणि भूत ही जोडी त्या काळात इतरांनीही जमवली. १९८६ मध्ये सामो हुंग यांनी पोलीस बँडमधला एक वादक रंगवला, ज्याच्या मागे मेलेल्या अधिकाऱ्याचं भूत लागतं. त्या सिनेमाच्या दोन दिग्दर्शकांपैकी फिलिप चॅन हे पूर्वी हाँगकाँग पोलिसात अधिकारी होते. खुद्द पोलिसातला माणूस असा सिनेमा काढतो याचं नवल वाटून घेऊ नका. तिथल्या ठाण्यांमध्ये आजही कुआन ताईचं देवघर असतं. लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा, शब्दाला जागणारा सेनापती. तपास करणारे पोलीस त्याला उदबत्ती लावतात. गुन्हेगारी टोळ्याही त्यालाच लावतात.

८ नोव्हेंबर १९९७. यकृताच्या कर्करोगाने लाम गेले. वय ४४. त्याच वर्षी हाँगकाँग चीनकडे गेलं होतं. पुढे निर्मात्यांची नजर मुख्य भूमीच्या बाजारपेठेवर लागली, आणि तिथल्या परीक्षण मंडळाला पडद्यावर भुतं चालत नाहीत. पिवळे कागद हळूहळू दिसेनासे झाले.

(दृश्य: जुन्या वसाहतीचा अंधारा व्हरांडा. खालच्या टपरीत पेटलेली शेगडी.)

२०१३ मध्ये 'मिस्टर व्हॅम्पायर'मधले काही चेहरे पुन्हा एकत्र आले, 'रिगर मॉर्टिस' नावाच्या सिनेमात. अँथनी चॅन यांनी १९८५ मध्ये चष्मा घातलेले पुरोहित केले होते. इथेही ते पुरोहितांच्याच घराण्यातले, पण आता हाकलायला भुतंच उरलेली नाहीत. उठलेल्या प्रेतांवर जो चिकट तांदूळ फेकायचा, तोच ते मोठ्या कढईत परततात आणि वसाहतीतल्या लोकांना वाढतात.