शिमग्याला बंद केलेला कंप्युटर गणपतीला उघडताना

कोकणातलं आमचं घर. शिमगा झाला की कुलूप लागतं ते थेट गणपतीच्या आधी चार दिवस उघडतं, मधे अख्खा पावसाळा गेलेला असतो. भिंतींना ओल, कपाटात कुबट वास आणि कोपऱ्यात जुन्या चादरीखाली हा बाबांचा डेस्कटॉप.

बाबांना सातबारा काढायचाय म्हणून आल्या आल्या बटण दाबायची घाई, पण आज नाही. आज फक्त मागची जाळी कोरड्या ब्रशने साफ करायची, खोलीतला पंखा लावून मशीन सुकू द्यायचं आणि यूपीएस रात्रभर चार्जिंगला लावायचा, कारण इतके महिने पडून त्याची बॅटरी उतरलेली असते. मागच्या वर्षी आम्ही हे केलं नाही, अपडेट अर्ध्यावर असताना लाईट गेली आणि नंतर विंडोज चालूच होईना. आईचे सगळे जुने फोटो त्यातच होते हो. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तेव्हा मिळाले, पण तोपर्यंत घरात कोणाला जेवण गेलं नाही.

आता सकाळ. मशीन चालू झालं, पण नेट अजून जोडलेलं नाही. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी, आणि कॉपी झालेल्यातले दोन-चार उघडून बघायचे.

मग घड्याळ. तारीख बघा, कितीतरी वर्षं मागची दाखवतंय! मदरबोर्डवर हा रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. मेन स्विच बंद असला की घड्याळ एकट्या याच्यावर चालतं आणि जुना सेल मान टाकतो. तारीख चुकली की वेबसाईटचं सर्टिफिकेट, म्हणजे ती खरी असल्याचा मुदतीचा दाखला, कंप्युटरला खोटा वाटतो, ब्राउझर धोक्याची सूचना देतो, अपडेटही अडतं, आणि आपण उगाच नेटवाल्याला फोन करत बसतो. सेल बदला, तारीख नीट करा.

आता नेट, पण पहिलं काम अपडेटच. बँक, मेल, सातबारा सगळं नंतर. कारण सांगतो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांना अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या, आणि ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. जेमतेम दोन महिन्यांचं अंतर. आपलं मशीन तर सहा महिने झोपलेलं.

सहा महिने म्हणून सहा अपडेट एकेक करून टाकायची नसतात, विंडोजचं महिन्याचं अपडेट आधीच्या महिन्यांचं पोटात घेऊनच येतं. तरी डाउनलोड मोठं असतं, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असाल तर दिवसाचा डेटा आधी बघून घ्या. आणि रीस्टार्ट होताना टक्के एकाच आकड्यावर बराच वेळ अडकले तरी पॉवरचं बटण दाबून धरायचं नाही, तेवढ्यात मखराचं काम करून या. काही मशीनवर रीस्टार्टनंतर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ मागतो, ती आधीच वहीत लिहून ठेवलेली बरी.

चालू झालं की परत चेक फॉर अपडेट्स, कारण काही गोष्टी दुसऱ्या फेरीतच दिसतात. आमच्याकडे तिसऱ्या फेरीला काही शिल्लक नाही असं आलं, तोवर दुपारचे तीन वाजले होते. बाबांनी चष्मा पुसला आणि सातबाऱ्याची साईट उघडली.