कुत्रा कोर्टात आला तर?

(नव्या बास्केटबॉल पंचांच्या वर्गात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, विषय दिलाय 'विचित्र प्रसंग आणि नियम', वेळ चाळीस मिनिटं. त्यातला थोडा वेळ तक्रारीत जाणार, हे आधीच सांगून ठेवतो.

तक्रार आपल्या तोंडी परीक्षेबद्दल आहे. समोर विशीतलं पोरगं घामाघूम होऊन उभं असतं. परीक्षक खुर्चीत रेलून विचारतात, "समजा कुत्रा कोर्टात आला, चेंडू त्याच्या पाठीला लागून रिंगमध्ये गेला. काय देशील?" पोरगं गप्प, परीक्षक खूश. अरे, कुत्रा रिंगखाली पोचेपर्यंत दोघंही पंच शिट्टी तोंडात धरून काय करत होते, हे आधी विचारा ना! प्रश्न हास्यास्पद आहे असं मी म्हणत नाही. आपली निम्मी कोर्टं उघड्यावर आहेत, कुत्रा येतोच. माझं भांडण कोडी घालण्याशी आहे. दोनशे कोडी पाठ केलेला पंच दोनशेएकाव्याला उभ्या उभ्या गोठतो.

माझं म्हणणं एवढंच की तीन प्रश्न स्वतःला विचारा. चेंडू लाइव्ह (खेळात) होता की डेड (खेळ थांबलेला)? ताबा कोणाचा होता? घड्याळावर किती होतं? आता कुत्र्याकडे या. 'अ' संघ फ्रंटकोर्टमध्ये, म्हणजे समोरच्या संघाच्या अर्ध्या भागात, ड्रिबल करतोय आणि तुम्ही खेळ थांबवलात. ताबा 'अ'चा, म्हणून थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू आत टाकणं) 'अ'लाच, जिथे थांबला त्याच्या जवळून. कारणाचा दोन्ही संघांशी संबंध नाही. मग शॉट क्लॉकवर, म्हणजे शॉट घ्यायला उरलेले सेकंद दाखवणाऱ्या घड्याळावर, 14 किंवा जास्त असेल तर तिथूनच चालू, 13 किंवा कमी असेल तर 14 करायचं, समोरच्या संघाचं त्यात नुकसान होत नसेल तर. कुत्र्याचं कलम लागलंच नाही. आणि जिथे खरंच काही लिहिलेलं नाही तिथे निर्णय मुख्य पंचाचा, हेही नियमातच लिहिलंय. 'मुख्य पंचाचा' म्हटलं मी. हे सांगायला म्युनिकला जावं लागेल.

1972 चं ऑलिंपिक, पुरुषांची अंतिम फेरी, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ. सामना सुरू झाला रात्री पावणेबाराला, कारण अमेरिकेत टीव्हीवर सोयीच्या वेळी दिसायला हवा होता. (आपल्याकडे पाहुण्यांसाठी फायनल तासभर लांबते, तेव्हा उगाच चिडू नका, परंपरा मोठी आहे.) 1936 पासून ऑलिंपिकमध्ये अमेरिका एकही सामना हरलेली नव्हती. आणि इथे तीन सेकंद उरले असताना 49-48 ने मागे. डग कॉलिन्सला दोन फ्री थ्रो. पहिला गेला. दुसऱ्यासाठी तो उभा राहतो आणि स्कोअररच्या टेबलवरून भोंगा वाजतो! त्याने तरीही टाकला, गेला, 50-49. सोव्हिएत प्रशिक्षक ओरडतायत की टाइम-आऊट मागितला होता, मिळाला नाही. खेळ सुरू होतो, टेबलपाशी गोंधळ होतो, एक सेकंद उरला असताना पंच खेळ थांबवतात.

आणि इथे प्रेक्षकांतून एक गृहस्थ खाली येतात. विल्यम जोन्स, फिबाचे, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेचे सरचिटणीस, बास्केटबॉलच्या जगात त्यांच्या शब्दापुढे शब्द नाही. ते फर्मावतात, घड्याळ तीन सेकंदांवर न्या. चालू सामन्यात निर्णय देण्याचा अधिकार नियमांनी त्यांना दिलेलाच नव्हता. पण कोण सांगणार? घड्याळ लावायचं काम संपलेलं नसतानाच चेंडू खेळात दिला गेला, भोंगा झाला, अमेरिकेचे खेळाडू नाचायला लागले. पुन्हा थांबवलं, पुन्हा तीन सेकंद. तिसऱ्या वेळी एडेश्कोने या टोकापासून त्या टोकाला पास फेकला, बेलोवने रिंगखाली घेतला आणि टाकला. 51-50. ब्राझीलचे पंच रिगेटो यांनी स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. अमेरिकेचं अपील 3-2 मतांनी फेटाळलं गेलं. अमेरिकेच्या संघाने ती रौप्यपदकं कधी घेतलीच नाहीत.

तर, टाइम-आऊट मागितला होता की नाही यावर वाद घालणारे अजून आहेत. मला त्यात रस नाही. मला दिसतात ते चेंडू दुसऱ्यांदा देण्याआधीचे क्षण. तेव्हा एका पंचाने टायमरकडे बघून "घड्याळ लावलंस का?" एवढं विचारायला हवं होतं. आपल्याकडे जोन्स मंडपातून येतात, पांढऱ्या कपड्यांत, मागे चार कार्यकर्ते. "साहेब, पोरांना पुन्हा टाकू द्या की एकदा!" नमस्कार करायचा, पाणी मागवायचं आणि त्यांना खुर्चीपर्यंत पोचवून यायचं. शिट्टी आपल्याच तोंडात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं, जे सांगायला बोलावलंत ते आता धावत सांगतो, लिहून घ्या.

चेंडू रिंग आणि बोर्डमध्ये अडकला तर जंप बॉलची स्थिती, म्हणजे चेंडू कोणाला ते टेबलवरचा बाण सांगतो, तो बघा. फ्री थ्रोंच्या मध्ये अडकला तर नाही. स्वतःच्याच बास्केटमध्ये चुकून टाकला तर दोन गुण, समोरच्या संघाच्या कोर्टवरच्या कॅप्टनच्या नावावर. मुद्दाम टाकला तर व्हायोलेशन (नियमभंग), गुण नाही. खालून वर आख्खा चेंडू रिंगमधून गेला तरी व्हायोलेशन.

चेंडू तुम्हालाच लागला तर? नियमाच्या लेखी पंच म्हणजे जमीन. हसू नका, विवाहितांना सवय असेल. तुमचा पाय साइडलाइनवर असेल आणि चेंडू तुम्हाला लागला, तर तो बाहेर.

हाफटाइमनंतर संघ चुकीच्या बास्केटकडे खेळत सुटले, शालेय स्पर्धांत हमखास होतं. लक्षात आल्यावर कोणाचं नुकसान न होईल अशा क्षणी थांबवा. झालेले गुण, फाउल, गेलेला वेळ सगळं ग्राह्य. प्रशिक्षक कितीही नाचले तरी गुण पुसायचे नाहीत. फक्त दिशा बदला, आणि आरशात दिसेल तशी समोरची जागा धरून पुढे चालू.

फाउल होऊन होऊन एका संघाचा एकच खेळाडू उरला, तर सामना संपला. जिंकणारा संघ पुढे असेल तर आहे तोच स्कोअर, नसेल तर 2-0.

घड्याळावर 0.3 सेकंद असतील तर चेंडू पकडून शॉट मारता येतो. 0.2 किंवा 0.1 ला फक्त टॅप (न पकडता ढकलणं) किंवा डंक (वरून थेट रिंगमध्ये घालणं). आता तुमच्या तालुक्याच्या घड्याळात दशांश दिसतो का, ते सामन्याआधी टेबलवर जाऊन बघा. हातातलं स्टॉपवॉच असेल तर टायमरशी तेव्हाच बोलून घ्या, शेवटच्या सेकंदाला नव्हे.

चुकीच्या खेळाडूने फ्री थ्रो टाकला, किंवा द्यायचे नसताना दिले, तर दुरुस्ती करता येते. मुदत मात्र ठरलेली: चुकीनंतर घड्याळ सुरू झालं, मग पहिल्यांदा चेंडू डेड झाला, तो पुन्हा लाइव्ह होण्याआधी. नंतर स्कोअररने कितीही हात हलवला तरी उपयोग नाही. म्हणून स्कोअररला सांगून ठेवा, शंका आली की चेंडू डेड असतानाच भोंगा दे, लाजू नको.

रविवारी सरावाचे सामने आहेत. गोंधळ झाला की जोडीदाराला त्या तीन प्रश्नांची उत्तरं मोठ्याने सांगायची, मगच चेंडू द्यायचा. मी टेबलमागे बसून ऐकणार आहे.