रेजिना पॅट्स: गाव न सोडलेला संघ

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांताची राजधानी असलेले रेजिना हे शहर गव्हाच्या सपाट शेतांच्या मधोमध वसले आहे. हिवाळ्यात येथील पारा शून्याच्या कितीतरी खाली उतरतो, आणि त्या थंडीतच येथल्या मुलांचे बालपण बर्फावर जाते. याच शहरात १९१७ साली ज्युनियर आइस हॉकीचा एक संघ उभा राहिला, जो आज रेजिना पॅट्स या नावाने ओळखला जातो. ज्युनियर हॉकी म्हणजे साधारण सोळा ते वीस वर्षे वयाच्या मुलांचा खेळ. या मुलांचा डोळा पुढे नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगवर असतो. ज्युनियरच्या सर्वोच्च श्रेणीत, मूळ गाव न सोडता आजवर खेळत राहिलेल्या संघांमध्ये पॅट्स सर्वांत जुना आहे.

संघ स्थापन झाला तेव्हा पहिले महायुद्ध पेटलेले होते. राणी व्हिक्टोरियाची नात आणि कॅनडाच्या माजी गव्हर्नर जनरलची कन्या प्रिन्सेस पॅट्रिशिया हिच्या नावाची एक पायदळ तुकडी युरोपात लढत होती, आणि त्या तुकडीचेच नाव संघालाही मिळाले; पॅट्स हे पॅट्रिशियाचेच लघुरूप. युद्ध संपल्यावर, त्यात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ साली मेमोरियल कप सुरू झाला. कॅनडाच्या ज्युनियर हॉकीत याहून मोठा चषक नाही. पहिल्याच वर्षी रेजिनाचा संघ अंतिम फेरीत पोहोचला, परंतु टोरंटोच्या एका शाळेच्या संघाने दोन सामन्यांत मिळून त्यांच्यावर २९ विरुद्ध ८ असा विजय मिळवला. एवढा सपाटून मार खाल्लेला संघ पुढे शंभर वर्षे टिकेल, यावर त्या दिवशी कोणी पैज लावली नसती.

१९२५ साली मात्र पॅट्सने हा चषक जिंकला. १९२८ चा विजय रेजिना मोनार्क्स या नावाने खेळलेल्या संघाचा आहे, आणि तोही पॅट्सच्याच इतिहासात धरला जातो. १९३० साली चषक पुन्हा रेजिनात आला. या काळात संघाला घडवणाऱ्यांमध्ये अल रिची यांचे नाव अग्रभागी येते. शहराच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षकही तेच होते, आणि रेजिनातील एक वस्ती आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

त्यानंतर चषकाने चव्वेचाळीस वर्षे या शहराकडे पाठ फिरवली. संघ दुबळा होता म्हणून हे घडले, असे म्हणता येत नाही. एकट्या १९५० च्या दशकात १९५०, १९५२, १९५५, १९५६ आणि १९५८ अशा पाच अंतिम फेऱ्या पॅट्सने गाठल्या आणि पाचही गमावल्या. व्यावसायिक क्लब त्या काळी ज्युनियर संघांना पोसत असत, आणि पॅट्सच्या पाठीशी मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हा बलाढ्य क्लब होता. रेजिनात जन्मलेला बचावपटू बॉब टर्नर पॅट्समधून मॉन्ट्रियलला गेला आणि १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे स्टॅनली कप, म्हणजे नॅशनल हॉकी लीगचा चषक, जिंकणाऱ्या संघात खेळला. पुढे हाच टर्नर प्रशिक्षक म्हणून रेजिनात परतला. १९७४ साली कॅलगरी येथे झालेल्या अंतिम सामन्यात त्याच्या संघातील मुलांनी क्वेबेक रेम्पार्ट्सला ७-४ असे हरवले, आणि खेळाडू असताना ज्या चषकाने हुलकावणी दिली तो टर्नरने प्रशिक्षक म्हणून मिळवला. त्या संघातील बचावपटू ग्रेग जोली याची त्याच वर्षी नॅशनल हॉकी लीगच्या क्लबांनी केलेल्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत सर्वांत आधी वर्णी लागली, तर क्लार्क गिलीज चौथ्या क्रमांकावर निवडला गेला.

१९८० ची स्पर्धा ब्रँडन आणि रेजिना या दोन शहरांत मिळून झाली. पॅट्सकडे त्या मोसमात ८९ गोल करणारा डग विकेनहायझर होता. साखळीतील अखेरच्या सामन्यात पीटरबरोचा संघ कॉर्नवॉलकडून हरला आणि त्यामुळे पॅट्स स्पर्धेबाहेर फेकले गेले. पीटरबरोने हा सामना जाणूनबुजून सोडला, असे रेजिनाच्या प्रेक्षकांचे ठाम मत झाले, आणि त्यांनी आपला राग मुळीच लपवला नाही. अंतिम सामना त्यांच्याच शहरात झाला, पण खेळले दोन पाहुणे संघ, आणि चषक कॉर्नवॉलने नेला.

या खेळातील मुलांचे जीवन प्रेक्षागृहातून दिसत नाही. परगावाहून आलेला सोळा वर्षांचा मुलगा शहरातील एखाद्या कुटुंबाकडे राहतो. त्या घरात त्याला जेवण मिळते, वेळेवर न उठल्यास बोलणीही खावी लागतात. दिवसा शाळा आणि सराव, आणि सामना परगावी असला की रात्री-अपरात्री बसने परतीचा प्रवास. या बसचे भय प्रेअरीतील, म्हणजे या सपाट मैदानी प्रदेशातील, प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. ३० डिसेंबर १९८६ रोजी स्विफ्ट करंट ब्रॉन्कोस हा संघ पॅट्सविरुद्धच्या सामन्यासाठी रेजिनाकडे निघाला असता, बर्फाळ रस्त्यावर त्यांची बस घसरून उलटली आणि मागच्या बाजूला पत्ते खेळत बसलेले चार खेळाडू दगावले. एप्रिल २०१८ मध्ये याच प्रांतातील हम्बोल्टच्या संघाच्या बसला झालेल्या अपघातात सोळा जण मृत्युमुखी पडले. पुढच्याच महिन्यात शंभरावा मेमोरियल कप रेजिनात भरला तेव्हा ते दुःख ताजे होते. त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अकाडी-बाथर्स्टने पॅट्सला ३-० असे नमवले.

त्यानंतर आला कॉनर बेडार्ड. पॅट्स ज्यात खेळतात त्या वेस्टर्न हॉकी लीगमध्ये पंधराव्या वर्षीच पूर्ण मोसम खेळण्याची खास मुभा मिळालेला हा पहिला खेळाडू. त्याचा पहिला मोसम महामारीमुळे रेजिनातील रिकाम्या स्टेडियममध्ये पार पडला, म्हणजे ज्या शहराने त्याची वाट पाहिली त्याच शहराला त्याचा खेळ प्रत्यक्ष पाहता आला नाही. ती कसर पुढे भरून निघाली. २०२२-२३ मध्ये त्याने ५७ सामन्यांत ७१ गोल केले, आणि पॅट्स दुसऱ्याच्या गावी गेले तरी तेथील तिकिटे हातोहात खपू लागली. असे असूनही बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात सास्काटूनने सात सामन्यांच्या झुंजीनंतर पॅट्सला घरी पाठवले. त्याच उन्हाळ्यात नॅशनल हॉकी लीगच्या निवडीत शिकागोच्या संघाने बेडार्डला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि तो रेजिनातून निघून गेला. पॅट्सच्या नावावर चार चषक आहेत, आणि त्यांतला शेवटचा अजूनही १९७४ चाच आहे.